ठोक्या, अकरा महिने

मी पुस्तकांची शेवटची पानं करते. वाचणारा शेवटापर्यंत पोचतो, उरलेली पानं बोटांनी चाळतो, 'हं, आता नुसती नावंच आहेत' म्हणतो आणि पुस्तक मिटतो. ती नावं माझी. कोणता माणूस, कोणती जागा, कोणतं गाणं कुठल्या पानावर आहे ते शोधून अकारविल्हे लावून देणं हा माझा धंदा. याला सूची म्हणतात. वीस वर्षांत एकाही समीक्षकाने सूचीबद्दल बरा शब्द काढलेला नाही. चूक राहिली की मात्र दोन पानी पत्र येतं, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

हे सगळं आता संगणक करतो हे मला ठाऊक आहे, कृपया कुणी सांगायची तसदी घेऊ नये. मी चिठ्ठ्यांवर काम करते. एका नावाला एक चिठ्ठी. वर नाव, खाली दोन-चार शब्दांत तो कोण, उजव्या कडेला पानांचे आकडे. चिठ्ठ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात उभ्या लावायच्या, एका पुस्तकाला एक खोकं. आणि एक नियम, जो आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला घालून दिला: पुस्तकात जे नाही, ते सूचीत नाही.

बाई म्हणजे आमच्या प्रकाशक. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत आणि त्या दोनच प्रकारची पुस्तकं काढतात. डाव्या खोलीत रॉक बँडांचे इतिहास, उजव्या खोलीत मोठ्या माणसांसाठी सचित्र अद्भुतकथा. बाईंचं म्हणणं असं की चाळिशी उलटलेल्या माणसाला दोनच गोष्टी लागतात. आपण एकेकाळी तरुण होतो याचा पुरावा, आणि आता नाही याचा घडीभर विसर. धंदा बरा चालतो, तेव्हा त्यांचं चुकत नसावं.

त्या वर्षी दोन्ही खोल्यांची मोठी पुस्तकं एकदम आली आणि दोन्ही माझ्या टेबलावर पडली. उजवीकडचं होतं आमच्या चित्रकर्तीचं. डोंगराच्या पोटात वसलेलं एक शहर आणि त्यातले दोनशे सहा जीव. कुणाला तीन जिभा, कुणी स्वतःच्याच सावलीशी घटस्फोटाचा खटला लढवतोय, एक विधवा चेटकीण चौथं लग्न करावं की कोंबड्या पाळाव्यात या विचारात. लेखन आणि चित्रं दोन्ही हिचीच, नऊ वर्षं राबून केलेली. शेवटी सगळ्या जीवांची यादी हवी होती, ती माझ्याकडे. डावीकडचं पुस्तक होतं 'ओला रंग' या बँडचा संपूर्ण इतिहास, चारशे बारा पानं. आणि इथून माझ्या मामाचा संबंध येतो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्याच इमारतीत दोन मजले खाली एकटा राहतो. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे स्वतः मात्र जिन्यानेच येतो-जातो. तर हा मामा पोरसवदा वयात अकरा महिने 'ओला रंग'मध्ये ड्रम वाजवत होता. बँडला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. पुढे त्यांचं 'खिडकी' हे गाणं आलं, ते अजूनही रेडिओवर लागलं की माणसं हातातलं काम सोडून पाय आपटायला लागतात इतकं पळतं गाणं. पण ते आलं तेव्हा मामा नव्हता. ड्रमवर दुसरा कुणी होता, आणि फोटोही त्याचेच निघाले.

घरात ही अकरा महिन्यांची गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की सगळे हूं हूं करत भाजी निवडत राहायचे. ड्रमचं स्टूल मोडलं होतं म्हणून मामा रंगाच्या उपड्या बादलीवर बसायचा. वाजवताना जीभ दातांत यायची. डावा खांदा वर चढायचा. सगळं आम्हाला तोंडपाठ. "मग सोडलंस का रे?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "नोकरी लागली," आणि लगेच विषय बदलायचा.

बँडचा इतिहास छापला जातोय आणि सूची मी करतेय हे कळल्यापासून मामाचा नूरच पालटला. केस कापून आला. रोज सकाळी जिन्यात माझी वाट अडवून विचारायचा, "आलो का?"

"अजून पान साठ झालंय, मामा."

"साठला नसणारच. मी साधारण शंभरच्या पुढे येईन."

शंभर गेलं, दोनशे गेलं, चारशे बारा झालं. मामा कुठेच नव्हता. बँडच्या गाडीच्या दोन्ही चालकांची नावं होती. सरावाच्या खोलीच्या मालकाचं होतं. त्या मालकाच्या कुत्र्याचंही होतं, पानं ८८ आणि ९१. एक फोटो होता पहिल्या कार्यक्रमाचा. त्यात गायकाने हात पसरलेला, आणि त्या हाताच्या झालरदार बाहीमागे ड्रमवाला झाकला गेलेला. खाली फक्त एक बूट दिसत होता. मामाने भिंग लावून पाहिलं. "हा माझा बूट," तो म्हणाला.

बुटाखाली कुणाचं नाव छापत नाहीत. मी तडक इतिहासकाराला फोन लावला. हे गृहस्थ तीस वर्षं जमीन मोजणी खात्यात होते, म्हणून आम्ही त्यांना मोजणीदार म्हणतो. बांधावरच्या भांडणांत आयुष्य गेल्यामुळे दोन पुराव्यांशिवाय ते कुणाच्या वाढदिवसावरही विश्वास ठेवत नाहीत.

"तुमच्या मामांनी मला पत्र पाठवलं होतं," ते म्हणाले. "मी ते नोंदवून घेतलं. हा एक पुरावा. मग मी गायकांना लेखी विचारलं. त्यांचं लेखी उत्तर आहे की असा माणूस बँडमध्ये कधीच नव्हता."

"अहो, पण मामा खोटं बोलत नाही."

"खोटं म्हणत नाही मी. सिद्ध होत नाही म्हणतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला, एक कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: 'ठोक्या'. मामाला बँडमध्ये ठोक्या म्हणायचे, असं तो सांगतो. त्याखाली लिहिलं, 'अकरा महिने ड्रम वाजवतो. मग कुणालाच आठवत नाही.' पानाचा आकडा नव्हता, म्हणून जागा रिकामी सोडली. नियम मोडायचा माझा विचार नव्हता. राग कुठेतरी काढायचा होता, आणि मला तो अकारविल्हेच काढता येतो.

चिठ्ठी दिवसभर टेबलावर पडून होती. संध्याकाळी ती बँडच्या खोक्यात टाकणार तोच दारावरची घंटा वाजली. मोजणीदारच आले होते, चिठ्ठ्या नजरेखालून घालायला. फोनवरचं बोलणं मनाला लागलं असावं, कारण येताना बिस्किटांचा पुडाही होता. ते बूट काढेपर्यंत मी ती चिठ्ठी उचलली आणि दुसऱ्या खोक्यात सारली. अद्भुतकथेच्या खोक्यात 'ठ' ओसाडच पडला होता. दोनशे सहा जीवांत एकही 'ठ'चा नव्हता. तात्पुरती ठेवते म्हटलं, आणि बिस्किटं खाता खाता साफ विसरले.

आठवड्याने दोन्ही खोकी बाईंकडे पोचती केली. तिथे टाइप करणाऱ्या काकू आहेत. त्या जे दिसेल ते तंतोतंत उतरवतात, कारण एकदा त्यांनी डोकं चालवलं होतं आणि बाईंनी ते वर्षभर बोलून दाखवलं होतं. काकूंनी ठोक्या टाइप केला, मजकूर टाइप केला, आकडा नव्हता तिथे प्रश्नचिन्ह घातलं आणि यादी चित्रकर्तीकडे धाडली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज जरा दबका होता.

"अगं, तो ठोक्या," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल जरा सांगतेस का?"

मला वाटलं, बाई बोलल्या असतील हिच्याकडे; मामाची गोष्ट मी त्यांच्या कानावर घातली होती. बाईंच्या पोटात काही राहत नाही. कुणीतरी आपणहून मामाची चौकशी करतंय म्हटल्यावर मला बरं वाटलं आणि मी सुरू झाले.

"काय सांगू? बिचाऱ्याला कुणी विचारलंच नाही गं."

"हो ना," ती अपराधी स्वरात म्हणाली. "माझ्याही डोक्यातून गेला. बसतो कसा तो?"

"उपड्या बादलीवर. डावा खांदा वर, जीभ दातांत."

"आणि हात?"

"हात दोनच. पण वाजवायला लागला की चार वाटतात म्हणे."

"चार," ती म्हणाली. पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. "चेहरा?"

"चेहरा असा की, कुणीतरी आता दार उघडून 'पुरे' म्हणेल, त्याच्या आत वाजवून घ्यावं." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. मामाचा चेहरा तसाच आहे.

पलीकडे पेन्सिल चालत राहिली. मग ती म्हणाली, "थँक्यू गं. तू नसतीस तर माझी लाजच गेली असती." तिची लाज जाण्याचा संबंध काय, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

तिची बाजू मला नंतर कळली. नऊ वर्षांत एकतीस वह्या भरल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या घर बदलताना गेल्या. यादीत ठोक्या दिसला तेव्हा तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आपणच निर्माण केलेला जीव आपणच विसरलो, त्याला चित्रसुद्धा दिलं नाही. आणि वर यादीतच लिहिलेलं, मग कुणालाच आठवत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. चार दिवस ती घराबाहेर पडली नाही.

प्रुफं आली तेव्हा मी चहा घेत पानं उलटत होते. पान एकशे सत्तर उलटलं आणि चहा नाकात गेला. पानभर मामा. अंगावर खवले, हात चार, पण मामाच. बादली तीच, खांदा तोच, जीभ दातांत. बाजूला मजकूर होता. डोंगराच्या पोटात सूर्य पोचत नाही, म्हणून ठोक्या ढोल वाजवून शहराला सकाळ झाल्याचं कळवतो. अकरा महिने न थांबता. बाराव्या महिन्यात लोक आपसूक जागे व्हायला शिकतात, आणि आपल्याला उठवायला कुणी होतं हे विसरून जातात.

मी दोनदा वाचलं. काय घडलं असेल ते हळूहळू उलगडत गेलं तशी एकटीच खो खो हसत सुटले. चूक माझी होती, वीस वर्षांतली पहिली धडधडीत चूक, आणि ती अशी देखणी निघाली होती की मला तिचं कौतुकच वाटलं. तशीच प्रुफं घेऊन दोन मजले उतरले. मामाला दाखवायची घाई झाली होती.

मामाही आधी हसला. हात मोजले, खवल्यांवरून बोट फिरवलं. "बादली अगदी अशीच होती," म्हणाला. मग त्याने दोन पानं मागे उलटून पाहिलं, दोन पानं पुढे. मागे तीन जिभांचा सावकार होता, पुढे स्वतःच्या कानात घर बांधून राहणारी आजीबाई.

"छान काढलंय," तो म्हणाला. "म्हणजे हे पुस्तक कधीच न घडलेल्या गोष्टींचं."

"मामा, तसं नाही रे..."

"अगं, तसंच आहे. घडलेल्यांचं ते दुसरं. त्यात कुत्रासुद्धा आहे." त्याने पानं नीट सारखी करून माझ्या हातात दिली. "एक विचारू? तुला तरी वाटतं ना, की मी होतो तिथे?"

"काहीतरीच काय विचारतोस," मी म्हटलं. पण म्हणायला अर्धा क्षण उशीर झाला, आणि तो त्याने पाहिला. खरं सांगायचं तर मीही इतकी वर्षं हूं हूंच करत होते. त्या माणसाला मी कधी धड एक प्रश्न विचारला नव्हता. मला माझी लाज वाटली, आणि ती दोन मजले चढून वर येईपर्यंत कमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेले ते ठरवूनच. सगळं कबूल करायचं आणि ते पान काढून टाकायला सांगायचं. मामाला नुसता काल्पनिक करून ठेवण्यापेक्षा कुठेच नसलेला बरा. डाव्या खोलीत तेव्हा मोजणीदार आणि 'ओला रंग'चे गायक बसले होते. गायक आता गाडी चालवायला शिकवतात. फोटोंच्या परवानगीवर सह्या करायला आले होते. उजव्या खोलीत चित्रकर्ती आपली चित्रं टेबलावर मांडून रंग तपासत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे तो माझा नाहीच?"

"तो माझा मामा आहे."

"तू पानाचा आकडा नसलेली चिठ्ठी लिहिलीस?" दारातून बाई म्हणाल्या. "तू?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात गायक पेन मागायला आत आले. टेबलाजवळून जाताना थबकले, मागे आले आणि चित्रावर वाकले.

"हा इथे काय करतोय?" ते म्हणाले.

चित्रकर्तीने माझ्याकडे पाहिलं.

"ठोक्या आहे हा. ही बादली बघा ना. स्टूल मोडल्यावर हा त्याच बादलीवर बसायचा, उठवलं तरी उठायचा नाही. कुणी काढलं हे? खवले सोडले तर हुबेहूब आहे."

मोजणीदार तोवर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा बांधाचा दगड हलल्यासारखा झाला होता. "मी तुम्हाला या माणसाबद्दल लेखी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही विचारलंत ते चांगलं तीन शब्दांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. आम्हाला काय ठाऊक त्याचे वडील कोण? आम्ही ठोक्या म्हणायचो."

"टोपणनावाला मी पुरावा मानत नाही."

"मग नका मानू. होता मात्र तो."

"एक पुरावा झाला," मोजणीदार म्हणाले. "पत्र धरलं तर दीड."

गायकांनी खिशातून फोन काढला, कुणाला तरी लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "अरे, बादलीवर कोण बसायचं रे आपल्यात?"

"ठोक्या," पलीकडून जांभई देत कुणीतरी म्हणालं. "का? सापडला का तो?"

हे बँडचे बासगिटारवाले होते. मोजणीदारांनी तारीख आणि वेळ टिपून घेतली, मग खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली. "सांगा," ते म्हणाले. "वादक म्हणून कसा होता?"

मी जरा पुढे सरकले.

"वादक?" गायक हसले. "छे हो. लय धरता यायची नाही त्याला. पळायचा. 'खिडकी' आम्ही संथ बांधलं होतं, पोराला निजवावं तसं. हा दुसऱ्या कडव्यात सुटायचा तो सुटायचाच. ओरडून पाहिलं, हात धरून पाहिला. मग एक दिवस आलाच नाही. निरोप नाही, काही नाही. आम्ही दोन आठवडे थांबलो, मग दुसरा घेतला. तो अगदी घड्याळासारखा. त्याच्याबरोबर 'खिडकी' वाजवलं, तशी आम्हालाच जांभया यायला लागल्या. शेवटी त्याला सांगितलं, बाबा, ठोक्यासारखं वाजव. महिनाभर शिकवावं लागलं त्याला. रेकॉर्डवर ऐकता ना तुम्ही, ती ठोक्याची पळापळ आहे. आम्ही चौघे त्याला गाठायला बघतोय."

मोजणीदारांचं पेन थांबलं. कारण मला आणि त्यांना, दोघांनाही ठाऊक होतं की पान १४३ वर त्यांनी 'खिडकी' इतकं वेगवान का आहे याची मीमांसा केली होती. कारखान्यांचे भोंगे, बेकारी, वाढती वाहनं आणि तरुणांची अस्वस्थता. एकोणीस ओळी. पुस्तकातला त्यांचा सगळ्यात लाडका भाग. मला तो त्यांनी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला होता.

"पानं पुढे सरकून चालणार नाहीत," मी हळूच म्हटलं. "पुढचे सगळे आकडे चुकतील. जेवढ्या ओळी घालाल तेवढ्याच काढाव्या लागतील."

त्यांनी पान १४३ मागवलं. चष्मा पुसला. मग पट्टी लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्या एकोणीस ओळींवर सरळ रेघ मारली. भोंगे गेले, बेकारी गेली. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही, पण बिस्किटांचा पुडा आणून द्यायचं मनात ठरवलं.

"एक विनंती होती," मी म्हटलं. "ते लय धरता यायची नाही, तेवढं जरा सौम्य..."

"दोन साक्षीदार आहेत," ते म्हणाले, आणि लिहायला लागले.

चित्राचं पान राहिलं. चित्रकर्तीने ते काढायला साफ नकार दिला. ती म्हणाली, तुझा मामा असेल तुझा, ठोक्या आता माझाही आहे. बाईंनी दोन्ही सूच्यांत 'ठ' चालेल असा निकाल दिला, कारण दोन्ही पुस्तकांत आता तो होता.

पुस्तक बांधून आलं त्या सकाळी मी पहिली प्रत घेऊन खाली गेले. वाटेत दोनदा जिन्यात थांबले. मामाने ती शेवटून उघडली. आमच्या घरात पुस्तक कुठून उघडायचं एवढं मी सगळ्यांना शिकवलंय. बोट 'ठ'वर आलं, आकडा वाचला, आणि तो पान १४३ शोधायला लागला.

"मामा, एक आहे हं," मी घाईघाईने म्हटलं. "ते लोक फार सरळ बोलणारे आहेत. मनाला लावून घेऊ नकोस."

तो वाचत होता. ओठ हलत होते. एकोणीस ओळी वाचायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. त्याला त्याच्या तिप्पट लागला. मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पळायचो मी," तो म्हणाला. "बरोबर आहे. मला कळायचं, पण हात ऐकायचे नाहीत. सगळे माझ्याकडे वळून वळून बघायचे. मला वाटलं, ही चांगली पोरं आहेत, तोंडावर जा म्हणणार नाहीत. आपणच गेलेलं बरं."

"म्हणजे नोकरी?"

"नोकरी चार महिन्यांनी लागली."

इतकी वर्षं भाजी निवडत ऐकलेली गोष्ट, आणि तिचा हा भाग त्याने एकट्यानेच सांभाळला होता.

"मग ते गाणं आलं," तो म्हणाला. "इतकं जोरात. मला वाटायचं, बघ, नव्याला जमतंय, पळूनही सुटत नाही तो, म्हणून त्यांनी वेग वाढवला. रेडिओवर लागलं की मी दुसऱ्या खोलीत जायचो." त्याने चष्मा परत लावला आणि ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. शेवटच्या दोन ओळी तर तिसऱ्यांदा वाचल्या. मग उठला आणि त्याने आईला फोन लावला.

"ताई? ऐक. पुस्तक आलं. आहे मी त्यात. पान एकशे त्रेचाळीस." त्याने पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, "ठोक्याला लय धरता येत नसे. छापलंय गं, खरंच छापलंय. तो दुसऱ्या कडव्यापासून पळत सुटे."

आईने पलीकडून काहीतरी विचारलं. तिचा आवाज मला ऐकू आला, शब्द नाही आले. पण आई काय विचारणार हे मला ठाऊक होतं. म्हणून काढलं होतं का रे तुला?

"नाही गं," मामा म्हणाला. त्याचा डावा खांदा वर चढला होता. "तेच माझ्यामागे पळत आले."